गिऱ्हाइकाची वही

नाशिकला रामकुंडाच्या घाटावर यात्रेकरू उतरला, की त्याचे स्वतःचे नाव काय, ही चौकशी तेथील तीर्थोपाध्याय सहसा मागाहून करतात. आधी मूळ गाव विचारतात, मग आडनाव, आणि एवढ्या दोन सूत्रांवर बासनात बांधून ठेवलेल्या वह्यांतून नेमकी एक वही बाहेर काढून, त्या गृहस्थाचा पणजोबा कोणत्या शकात, कोणाच्या अस्थी घेऊन, कोणत्या भाऊबंदांसह येथे आला होता, हे खुद्द पणजोबाच्या मोडी हस्ताक्षरात त्याच्यापुढे ठेवतात. या वह्यांना नामावळी म्हणतात. वंशावळी जुळवणाऱ्या इतिहास-संशोधकांनी त्यांचा पुष्कळ उपयोग करून घेतला आहे. माझे लक्ष मात्र त्यांच्या निराळ्याच अंगाकडे जाते. आजचे व्यापारशास्त्र ज्याला ग्राहकसंबंधांचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव देते, त्याचा इतका जुना, इतका शिस्तबद्ध आणि अद्यापि चालू असलेला नमुना आपल्या मुलखात दुसरा क्वचितच सापडेल. गावाप्रमाणे व कुळाप्रमाणे लावलेली नोंद, प्रत्येक भेटीत तिच्यात पडणारी भर, आपल्या वंशजांनीही याच उपाध्यायांना मानावे अशा आशयाचा यजमानाने लिहून दिलेला लेख, आणि भावाभावांच्या वाटणीत शेतवाडीबरोबर यजमानांच्याही होणाऱ्या वाटण्या, हे सर्व पाहिले म्हणजे यजमानाची नोंद ही मिळकत आहे, हा विचार संगणकाबरोबर जन्मला अशी समजूत करून घेण्याचे कारण उरत नाही. तथापि त्या वहीचे एक वैशिष्ट्य नंतरच्या सर्व वह्यांत लोपलेले दिसते: वही उपाध्यायाची असली तरी अक्षर यजमानाचे असे, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत उघडली जाई.

विकणारा आणि घेणारा यांच्या संबंधाचा इतिहास लिहू जाता तो बहुधा भावांचा, चलनांचा किंवा रस्त्यांचा इतिहास होतो. परंतु गिऱ्हाइकाविषयीची माहिती कोणाच्या हाती राहिली आणि गिऱ्हाइकाची तक्रार कोणाच्या कानी गेली, या दोनच प्रश्नांचा माग काढीत गेले, तर पेशवाईतल्या पेठेपासून आजच्या समाजमाध्यमांपर्यंतचा प्रवास अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते.

पेठ वसवणे हे पूर्वी राज्यकर्त्याचे काम होते. नवी पेठ बसवायची, तर सरकारातून कौल दिला जाई; उदमी लोकांनी येऊन दुकाने घालावी, काही वर्षे जकात व पट्ट्या माफ राहतील, असे अभय त्यात असे, आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजन या वतनदारांकडे सोपवली जाई. पुण्याच्या बऱ्याचशा पेठा अशा वसाहतीच्या धोरणातून उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकाला दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे कोतवालाची कचेरी. वजनेमापे, बाजारभाव आणि किरकोळ तंटे ही त्याच्या अखत्यारीतील कामे असत. गावगन्ना तर तेवढीही पायरी चढावी लागत नसे, कारण खोट्या मापाची वार्ता चावडीवर पोचायला दिवस मावळावा लागत नसे, आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या त्याच दहा-पाच गावांत धंदा करायचा, त्याला चावडीवरची अपकीर्ती कोतवालाच्या दंडाहून महाग पडे. बलुतेदारीत हा संबंध याहूनही घट्ट होता: त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाड्या'त त्याचे बारीकसारीक वर्णन आहे. तेथे सुताराने कोणाचे औत भरायचे आणि कुणब्याने कोणाला पेंढी द्यायची हे जन्मानेच ठरलेले असल्यामुळे, गिऱ्हाईक मिळवण्याचा वा गमावण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नसे.

या जुन्या परिचयाचे गोडवे गाणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ झाले, आणि किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून सुखदुःखाच्या गोष्टी करणारा वाणी हे आपल्या स्मरणरंजनाचे लाडके पात्र आहे. पण त्याच ओट्याच्या पायरीखाली उभे राहून, पैसे लांबून टाकून, पदरात लांबूनच माल झेलणारे गिऱ्हाईकही त्याच गावचे होते, आणि त्यालाही तो वाणी नावानिशी ओळखत होता. ओळख म्हणजे आदर नव्हे. दुकानदाराला तुमची सात पिढ्यांची माहिती असणे ही सोयीची गोष्ट आहे की जाचाची, हे त्या सात पिढ्या कोणाच्या यावर अवलंबून असे.

उधारीची वही हे त्या ओळखीचे दुसरे, अधिक कठोर रूप होय. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार, खतावणीत माणसागणिक खाते, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, दिवाळीला वहीपूजन. ही पद्धती निर्दोष होती, फक्त ती ज्याच्याविषयी होती त्याला बहुधा वाचता येत नव्हती. सावकाराची कुळे अंगठा उठवीत आणि आकडा सावकार सांगेल तो मानीत. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी सावकारांवर बहिष्कार पडला. न्हावी हजामतीस जाईना, पाणक्या पाणी भरीना. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारच्या दिवशी, जमावाने सावकारांची घरे-दुकाने फोडली, आणि मग ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. या दंग्यांविषयी जे लिहिले गेले आहे त्यातील सर्वांत ध्यानात घेण्याजोगी बाब ही, की जमावाचा रोख माणसांवर किंवा दागदागिन्यांवर नव्हता. रोखे, हुकूमनामे आणि खतावण्या बाहेर काढून त्यांची होळी करावी, हा मुख्य हेतू होता. आपल्याविषयीची जी नोंद आपल्याला दिसत नाही आणि आपल्याच विरुद्ध वापरली जाते, ती नष्ट करणे हा एकच उपाय शेतकऱ्याला सुचला. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यातील जप्ती-अटकेसंबंधीची कलमे अधिक गाजली. पण ऋणकोला प्रत्येक भरण्याची पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब लेखी मागण्याचा आणि खात्याची नक्कल असलेले पासबुक ठेवण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला. सावकाराच्या वहीतील आपले पान पाहण्याचा अधिकार कुणब्याला त्या दिवशी, निदान कागदोपत्री, प्राप्त झाला.

त्याच सुमारास टपालखात्याने दोन गोष्टी केल्या, ज्यांचा व्यापारावर झालेला परिणाम आपण पुरेसा मोजलेला नाही. १८७७ मध्ये व्ही. पी. सुरू झाली आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा विक्रेत्याकडून, माल हाती पडल्यावर पोस्टमनला पैसे मोजून, वस्तू घेण्याची सोय झाली. आणि ती मनाजोगी निघाली नाही, तर पाव आण्यात दोन शब्द सुनावण्याचीही. तेव्हाच्या वृत्तपत्रांतील औषधांच्या व पुस्तकांच्या जाहिराती चाळल्या, तर निम्मी जागा मामलेदार, वकील आणि शाळामास्तर यांच्या प्रशस्तिपत्रांनी भरलेली दिसते. स्तुतीची पत्रे छापली जात आणि निंदेची पत्रे टोपलीत जात. ग्राहकाचे मत जाहीर होण्याची वाट प्रथमच विक्रेत्याच्या टेबलावरून जाऊ लागली, आणि चावडीचा धाक तेथे संपला.

या दूरस्थ ग्राहकाशी नाते जोडण्याचा सर्वांत सुंदर मराठी प्रयत्न एका नांगराच्या कारखान्यातून झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन नासते असा समज शेतकऱ्यांत रूढ होता, आणि समज घालवायचा तर नुसत्या किंमतीच्या पत्रकाने तो जाणार नव्हता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे लहानसे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना, अडत्यांना व शेतकऱ्यांना व्हावी, हा त्याचा उगम. परंतु वाचकाला नांगराच्या फाळाखेरीजही जगात पुष्कळ गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत, हे त्या चित्रकार संपादकाने लवकरच ओळखले, आणि नऊ वर्षांत ती 'खबर' जाऊन 'किर्लोस्कर' हे मासिक उरले. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' त्याच घरातून निघाली. महाराष्ट्राच्या सामाजिक विचाराला वळण देणारी नियतकालिके मुळात ग्राहकसंबंधाच्या खात्यावर पडलेल्या खर्चातून उगवली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. आज कारखानदार समाजमाध्यमांवर दररोज जे काही प्रसिद्ध करीत असतात, त्यातून शंभर वर्षांनी काय उरेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पण तो विषयांतराचा मोह आवरणे बरे.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांबद्दल थोडक्यातच लिहिले पाहिजे, कारण टंचाईच्या काळात ग्राहकसंबंध नावाची वस्तूच अस्तित्वात नसते. रॉकेलपासून स्कूटरपर्यंत जेथे रांग होती, तेथे विकणारा हा उपकारकर्ता होता, आणि पुण्याच्या दुकानदारावर पु. ल. देशपांडे यांनी केलेली थट्टा ही केवळ एका शहराच्या स्वभावाची नव्हती, ती त्या अर्थव्यवस्थेचीही होती. या मनूत ग्राहकाने एकट्याने तक्रार करण्यापेक्षा संघटित व्हावे, या विचाराने बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत तिचे काम सुरू झाले. काही कुटुंबांचा एक संघ, महिन्याची एकत्र यादी, घाऊक खरेदी आणि आपसांत वाटप, अशी ती साधी परंतु चिवट रचना होती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा पातळीपर्यंत तक्रार-निवारण मंच दिले. कोतवालाच्या कचेरीची जागा रीतसर न्यायाने घेतली, आणि न्यायाबरोबर तारखाही आल्या.

मग कंपन्यांनी ग्राहकाला यंत्रात घातले. नव्वदीच्या दशकात ग्राहकाच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक-प्रणाली अमेरिकेत फोफावल्या, त्यांच्या मागोमाग दूरध्वनी-केंद्रे आली, आणि तक्रारीला क्रमांक मिळू लागला. नऊ दाबा, एक दाबा, या संभाषणात ग्राहकाविषयीची माहिती पूर्वी कधी नव्हती एवढी वाढली आणि ग्राहकाचा आवाज पूर्वी कधी नव्हता एवढा कोंडला. कारण ते बोलणे दोघांतच होई आणि त्यांपैकी एकाजवळच त्याचे ध्वनिमुद्रण राही.

ही कोंडी फुटली, त्याचे उदाहरण म्हणून कॅनडातील डेव्ह कॅरोल या गायकाची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. २००८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात त्याची गिटार मोडली. कित्येक महिने लिहापढी करूनही भरपाई मिळेना, तेव्हा त्याने त्या प्रकारावर गाणे रचले आणि जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर चढवले. लक्षावधी लोकांनी ते पाहिले, आणि जी कंपनी पत्राला दाद देत नव्हती ती दिलगिरी व्यक्त करू लागली. त्याच्या आदल्या वर्षी कॉमकास्ट या अमेरिकन कंपनीतील फ्रँक एलिअसन या अधिकाऱ्याने ट्विटरवर स्वतः उतरून, कुरकुर करणाऱ्या ग्राहकांना नाव घेऊन उत्तरे देण्याचा उपक्रम सुरू केला होता. तो त्या वेळी विक्षिप्त वाटला, आज प्रत्येक मोठ्या कंपनीत त्याच कामासाठी स्वतंत्र खाते असते. आपल्याकडे हा पालट सर्वसामान्यांच्या नजरेत भरला तो खाजगी कंपनीमुळे नव्हे. कोकणचे सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री असताना, धावत्या गाडीतून एखाद्या प्रवाशाने ट्विटरवर लेकरासाठी दूध मागावे आणि पुढल्या स्थानकावर ते मिळावे, अशा बातम्या वरचेवर छापून येत. प्रवाशाची अर्जी स्टेशनमास्तर, विभाग, झोन अशा उतरंडीने जाण्याऐवजी थेट मंत्र्यापाशी आणि त्याच क्षणी साऱ्या देशापुढे पोचत होती. ज्यांनी या उत्तरांचे कौतुक केले त्यांनी एक प्रश्न मात्र क्वचित विचारला: ज्याच्या हाती तसला फोन नव्हता, त्या अनारक्षित डब्यातल्या आईच्या लेकराला दूध कोणी दिले? चावडी परत आली होती, पण तिच्यावर बसायला जागा सगळ्यांना नव्हती.

या परिवर्तनाचे खरे मराठी रूप पाहायचे, तर मोठ्या कंपन्या सोडून देवगड-रत्नागिरीच्या आंबा-बागायतदाराकडे जावे. पिढ्यान्‌पिढ्या त्याने पेट्या भरल्या, त्या पूर्वी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात आणि नंतर वाशीच्या बाजार समितीत अडत्याच्या नावे पाठवल्या, आणि हमाली, तोलाई, वाहतूक, अडत वजा जाऊन जी पट्टी आली ती डोळ्यांना लावून घेतली. आपला आंबा कोणी खाल्ला, तो गोड लागला की नाही, हे त्याला कधीच कळले नाही. आणि खाणाऱ्यालाही 'देवगड' या छापापलीकडे बागेचा ठावठिकाणा नव्हता. गिऱ्हाइकाची वही अडत्याची होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. बाजार विस्कळीत झाले आणि पेट्या झाडाखाली पडून राहण्याची वेळ आली, तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांशी व्हॉट्सॲपवरून संधान बांधले. संकुलातील कोणी एकाने मागणी गोळा करायची, गाडीभर पेट्या फाटकाशी उतरायच्या, पैसे फोनवरून चुकते करायचे; पंचेचाळीस वर्षांपूर्वी ग्राहक पंचायतीने जी रचना घरोघर फिरून उभी केली, तीच येथे गरजेपोटी काही दिवसांत जमून गेली.

त्यानंतर जे घडले ते अधिक मनोरंजक आहे. हापुसाला साका नावाचा दोष असतो. फळ बाहेरून निर्मळ दिसते आणि कापल्यावर आत पांढुरका, रुचिहीन भाग निघतो. पूर्वी हा दोष घरच्या विळीवर उघडकीस येई आणि तेथेच विरून जाई. आता कापलेल्या फोडीचे छायाचित्र संकुलाच्या समूहात पडते, साठ-सत्तर घरे ते एकदम पाहतात, आणि बागायतदाराला त्याच घटकेस काहीतरी बोलावे लागते. तो गप्प राहिला, तर हंगाम गेला. फळे बदलून देतो म्हणाला, साका उन्हाच्या तापाने होतो, कापल्याखेरीज कळत नाही, हे त्याने समजावून सांगितले, तर त्याच्याविषयीचा विश्वास वाढतो. येवल्याचे पैठणी विणणारे व विकणारेही मागावरच्या पदराचे चलच्चित्र दाखवून मागणी घेऊ लागले आहेत. येथे ग्राहक एकट्याने विचारतो, पण उत्तर सर्वांच्या कानी पडते, आणि म्हणून ते तोलून द्यावे लागते. अडत्याचा सबंध व्यापार मोडला, असे मात्र कोणी समजू नये. फळांचा मोठा ओघ अजून वाशीलाच जातो. पण ज्याने एकदा खाणाऱ्याचे नाव ऐकले, त्याचे पट्टीकडे पाहण्याचे डोळे निराळे होतात.

खोट्या प्रशस्तिपत्रांची जुनी विद्याही या नव्या चावडीवर सुखाने नांदते आहे. मामलेदाराच्या जागी तारे आले, एवढाच फरक. पाच तारे विकत देणारे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नावावर एक तारा टाकणारे कारागीर मिळतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक सचोटीचा अनुभव बाजाराला कधीच फारसा सुखद आलेला नाही.

तथापि खोटे तारे हा वरवरचा रोग आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न मालकीचा आहे. नामावळी उपाध्यायाची, खतावणी सावकाराची, यादी अडत्याची. पण ही सारी मंडळी त्या व्यवहारात स्वतः उभी होती. समाजमाध्यमांवरील व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही परक्याच्या ओट्यावर बसलेले असतात. व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना घेतले. छोट्या व्यावसायिकांसाठीचे त्याचे विनामूल्य रूप जानेवारी २०१८ मध्ये आले, आणि त्याच महिन्यात फेसबुकने आपल्या मुख्य पृष्ठावर धंदेवाईकांच्या मजकुरापेक्षा आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. ज्या दुकानदाराने वर्षानुवर्षे खपून हजारो अनुयायी जमवले होते, त्याला आपल्याच गिऱ्हाइकांना हाक मारण्यासाठी पैसे मोजण्याची पाळी आली. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने माहितीच्या वापराचे नवे धोरण वापरणाऱ्यांपुढे ठेवले, आणि त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा (पूर्वीची फेसबुक) कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. मध्यंतरी २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, आणि आपल्याविषयी कोणती माहिती कोणाजवळ आहे हे विचारण्याचा अधिकार त्यात नागरिकाला दिला. १८७९ च्या कायद्याने कुणब्याला पासबुक मागण्याचा जो हक्क दिला, त्याच जातीचा हा हक्क आहे, फक्त मधे जवळपास दीडशे वर्षे गेली आणि सावकार समुद्रापलीकडे गेला.

या कायद्यात ग्राहकाचा विचार आहे. त्या ओट्यावर बसून विकणाऱ्याचा, व्यापारी या नात्याने, नाही. देवगडच्या बागायतदाराचे खाते एखाद्या सकाळी काही नियमभंगाच्या संशयावरून बंद झाले, तर पाच हंगामांत जमवलेली नावे, कोणाला कच्चे फळ लागते, कोणाच्या घरी अक्षय्य तृतीयेला दोन पेट्या जातात, मागच्या साली कोणाच्या पेटीत साका निघाला होता, हे सारे त्याच्या हातून एकाच वेळी जाते. तो एक नमुना भरून पाठवू शकतो. त्याला उत्तर येते, आणि ते बहुधा यंत्राने लिहिलेले असते.